पापुद्रे

धाकट्या भावाच्या कातडीचा तुकडा प्रयोगशाळेत आला तेव्हा तो कोणाचा आहे हे ताईला आधीच माहीत होतं. वॉर्डबॉयने बर्फाच्या डब्यातून छोटी बाटली काढून तिच्या हातात दिली. आत गुलाबी द्रवात पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा तरंगत होता. काखेतून काढलेला, तिथवर आग पोचली नव्हती. ताईने बाटलीवरचा क्रमांक वाचला, सोबतच्या चिठ्ठीशी जुळवला आणि सही केली. सही नेहमीसारखीच आली, याचं तिला नंतर नवल वाटलं.

इस्पितळाच्या तळघरातल्या या खोल्यांमध्ये ती कित्येक वर्षं एकच काम करत होती. ज्याचं अंग फार भाजलेलं असतं त्याला दुसरीकडून काढून लावायला स्वतःची कातडीच उरत नाही. मग उरल्यासुरल्या चांगल्या जागेतून एवढासा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, त्यांना खाऊपिऊ घालून वाढवायचं आणि तीनेक आठवड्यांत त्यांचे पातळ पापुद्रे तयार करून वर सर्जनच्या हाती द्यायचे. घरातले सगळेच तिला ताई म्हणत, म्हणून कधीतरी इस्पितळातलेही म्हणायला लागले होते. सर्जनसुद्धा ताईच म्हणायचे.

मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की आपल्याच माणसाचं काम आपण करू नये, असा दंडक आहे आणि तो शहाणपणाचा आहे. ताईने विचारलं की मग कोण करणार. हे काम येणारी दुसरी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर होती, आणि मॅडमनी स्वतः पिपेट हातात धरून जमाना झाला होता. मॅडमनी खुर्ची ओढली आणि ताईच्या शेजारी बसून राहिल्या, काही न करता.

ताईने दोन पात्यांनी तुकडा बारीक चिरला. धाकटा लहानपणी शाळेत इतका मार खायचा आणि त्याचं त्याला इतकं काहीच वाटायचं नाही, की गेंड्याची कातडी म्हणून सगळ्या गल्लीत त्याची ख्याती होती. चिरताना ताईला ते आठवलं. कातडी साधीच होती. कोणाचीही असते तशी.

आग लागली ती गाड्यांना रंग मारायच्या शेडमध्ये. धाकटा तिथे देखरेखीला होता. थंडीमुळे रंग वाळेना, आणि गाडी तर त्याच दिवशी द्यायची होती, म्हणून एका रंगाऱ्याने दारं लावून घेऊन आत हीटर सुरू केला. थिनरचे डबे उघडेच होते. असं करू नकोस म्हणून त्याला कितीदा तरी बजावलं होतं, असं शेडमधले बाकीचे लोक नंतर इस्पितळाच्या आवारात उभं राहून सांगत होते. भडका उडाला तेव्हा आत ते दोघंच होते. आता दोघंही एकाच वॉर्डात होते, मध्ये दोन खाटा. रंगाऱ्याला कमी भाजलं होतं.

धाकट्याची बायको वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असायची. ताई काम संपवून वर गेली की दोघी मिळून काचेतून आत बघायच्या. पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला तो माणूस धाकटा आहे, हे खाटेच्या पायाशी लावलेल्या पाटीवरून कळायचं. औषधं देऊन त्याला झोपवून ठेवलं होतं. भावजय बघायची ती फक्त त्या एका खाटेकडे. रंगाऱ्याच्या खाटेकडे तिने एकदाही मान वळवलेली ताईने पाहिली नाही.

खाली पेशी मात्र वाढत होत्या. पहिल्या दिवशी ताईने त्यांतल्या थेंबभर पेशींत निळा रंग टाकून मायक्रोस्कोपखाली पाहिलं. मेलेल्या पेशी रंग पिऊन निळ्या होतात, जिवंत पेशी त्याला आत घेत नाहीत, त्या चमकत राहतात. बहुतेक सगळ्या चमकत होत्या. मग तिने बाकीच्या पेशी फ्लास्कमध्ये सोडल्या. फ्लास्कच्या तळाशी उंदराच्या पेशींचा थर असतो. त्या स्वतः वाढत नाहीत, वर टाकलेल्यांना पोसतात फक्त. धाकट्याला एकदा हे सांगितलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "मग ती कातडी लावलेल्या माणसांनी मांजर दिसलं की पळायचं का?" आणि स्वतःच्याच विनोदावर तो पोट धरून हसला होता. ताईला ते आठवलं, पण हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. तिने झाकण लावलं, फ्लास्कवर क्रमांक टाकला आणि तो इनक्युबेटरमध्ये ठेवला.

संध्याकाळी घरी गेलं की आई दारातच विचारायची, "वाढलं का?"

ताई सांगायची, वाढलं. पेशींची बेटं तयार झाली आहेत. दोन दिवसांनी सांगायची की बेटं एकमेकांना भिडायला लागली. आई हे सगळं लक्ष देऊन ऐकायची आणि भेटायला येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगायची की माझी मुलगी तिकडे खाली बसून भावाची कातडी विणतेय. ताईने तिला एकदा म्हटलं की मी काही करत नाही, त्या आपल्या आपण वाढतात, मी फक्त त्यांचं पाणी बदलते. आईने ते मनावर घेतलं नाही. इस्पितळातून घरी येणाऱ्या बातम्यांमध्ये तेवढी एकच बातमी रोज चांगली असायची. बाकी ताप, मूत्रपिंडं, रक्तदाब, सगळं आज असं तर उद्या तसं.

एका सकाळी ताईने इनक्युबेटर उघडला तर एका फ्लास्कमधलं मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारं गुलाबी पाणी, पिवळं पडून गढूळ झालेलं होतं. आत कुठूनतरी जंतू शिरले होते. असं होतं कधी कधी. तिच्याही हातून पूर्वी झालं होतं, आणि तेव्हा तिला दिवसभर जेवण गेलं नव्हतं. आता तिने तो फ्लास्क न उघडता बाहेर काढला, जंतुनाशकात बुडवला, इनक्युबेटरच्या सगळ्या फळ्या पुसल्या, बाकीचे फ्लास्क एकेक करून तपासले. ते स्वच्छ होते. मग ती वर जाऊन जेवली. डबा पूर्ण संपवला. भात थंड होता की गरम, हे तिला सांगता आलं नसतं. घरी तिने काही सांगितलं नाही. आईने विचारलं तेव्हा वाढलं म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं.

आईच्या बहिणीने, म्हणजे मावशीने, त्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं की हिचं काळीज दगडाचं आहे, डोळ्यांतून टिपूस काढत नाही पोरगी. ताईला वाईट वाटलं नाही. तिला वाटलं, असेलही.

पापुद्रे तयार झाले. सर्जननी शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला, छाती आणि पोट आधी झाकू म्हणाले. त्याच्या आदल्या सकाळी धाकटा गेला. आधी मूत्रपिंडं थांबली होती, मग हृदय थांबलं.

ताई तेव्हा हूडपुढे, म्हणजे निर्जंतुक हवेच्या काचेच्या कपाटापुढे, बसून दुसऱ्याच एका बाईच्या पेशींचं मीडियम बदलत होती. मॅडम खोलीत आल्या आणि दाराशीच थांबल्या. फोनवर सांगता येत नाही अशीच बातमी सांगायला माणूस असं येऊन थांबतो, हे ताईला कळलं.

"गेला?" तिने विचारलं.

"आत्ताच."

समोर डिश उघड्या होत्या. त्या तशाच ठेवून उठता येत नाही. ताईने राहिलेल्या डिशमधलं जुनं मीडियम खेचून घेतलं, नवीन घातलं, झाकणं लावली, सगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवल्या, हूडची फळी स्पिरिटने पुसली, हातमोजे काढून टाकले. मॅडम तोवर दारातच उभ्या होत्या. मग दोघी वर गेल्या. जिन्यात मॅडम रडल्या. ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

अंत्यविधी उरकला. दुसऱ्या दिवशी ताई कामावर हजर झाली तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे पाहून नजर दुसरीकडे वळवली. पापुद्र्यांचं मीडियम बदलायचं होतं. ते कशासाठी बदलायचं, हे तिने स्वतःला विचारलं नाही. बदलायची वेळ झाली होती एवढंच.

दुपारी सर्जन स्वतः तळघरात आले. ते तिथे सहसा यायचे नाहीत. खुर्चीवर न बसता, इनक्युबेटरच्या काचेकडे बघत बोलले. त्या रंगाऱ्याच्या जखमा भरत नव्हत्या. भाजणं धाकट्याइतकं खोल नव्हतं, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी कातडी वाढवली नव्हती. पण आता आठवडे उलटले तरी उघडी मांडी आणि पाठ झाकली जात नव्हती, आणि ताप चढायला लागला होता. दुसऱ्याची कातडी शरीर कायमची ठेवून घेत नाही, दोनेक आठवड्यांत झडून जाते. पण तेवढ्या दिवसांत ती खालच्या जखमेला भरून यायला मदत करते.

"तयार असलेली, तपासलेली, स्वच्छ अशी सध्या हीच आहे," ते म्हणाले. "नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही. आणि परवानगी तशीही तुमची लागत नाही, त्याच्या बायकोची लागेल."

ताईने विचारलं की हे पापुद्रे अजून किती टिकतील. पण हे तिलाच त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. आणखी चार-दोन दिवस. नंतर पेशी म्हाताऱ्या होऊन सुटायला लागतात.

भावजयीला ताईने घरी सगळं सांगितलं, कोणासाठी तेही. ती भांडी पुसत होती. तिने हातातलं ताट पुसून जागेवर ठेवलं, दुसरं घेतलं. मग म्हणाली की मला आधी ते बघायचंय.

दुसऱ्या दिवशी ती तळघरात आली. ताईने तिला पांढरा कोट घातला, बुटांवर पिशव्या चढवायला लावल्या. डिश मायक्रोस्कोपवर ठेवून, स्वतः आधी बघून, तिला जागा करून दिली. भावजय वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"काही दिसत नाही," ती म्हणाली. "माझ्याच पापण्या दिसतायत."

पहिल्यांदा सगळ्यांचं तसंच होतं. ताईने तिला डोळे किंचित मागे घ्यायला सांगितलं आणि चाक हळूहळू फिरवलं. मग भावजयीचा श्वास जरा थांबला, म्हणजे दिसलं असावं.

"फरशी बसवल्यासारखं आहे."

"हो. एकीला एक चिकटून असतात."

"हलत नाहीत."

"हलतात. फार हळू. आपल्याला दिसत नाही इतकं."

भावजय सरळ झाली. डोळे कोरडे होते. या घरात सगळ्यांचेच डोळे कोरडे पडले आहेत, असं ताईला वाटलं. भावजयीने डिशकडे वरून, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. वरून पाहिलं तर गुलाबी पाण्याखाली काचेवर धुकं धरल्यासारखं दिसतं, त्यापलीकडे काही नाही.

"नाही वापरलं तर याचं काय करतात?"

"आधी वाफेच्या भट्टीत घालतो, जंतू मरायला. मग इस्पितळाचा बाकीचा कचरा जातो तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे?"

ताईने डिश मायक्रोस्कोपवरून उचलली. "जाळतात."

"परत?" भावजय म्हणाली.

खोलीत इनक्युबेटरचा बारीक आवाज होत होता. भावजयीने कोटाची बटणं काढायला सुरुवात केली, एक बटण निघेना, ताईने ते काढून दिलं. भावजय म्हणाली, कुठे सही करायची ते सांगा. वर गेल्यावर तिने सही केली आणि एवढंच म्हणाली की मी त्याला माफ केलंय असं कोणी समजू नये. सर्जन म्हणाले की असं कोणी समजणार नाही. जाताना ताईने तिला विचारलं की आईला सांगायचं ना. भावजय म्हणाली, मी सांगते. पण तिने सांगितलं नाही. ताईनेही नाही. दोघींनाही वाटलं की दुसरी सांगेल, किंवा तसं वाटून घेणं सोपं होतं.

पापुद्रे सोडवायचं काम ताईनेच केलं. तळापासून सुटण्यासाठी त्यांच्यावर एक द्रव घालून थांबायचं असतं. मग कडा उचलल्या जातात, आणि अख्खा पापुद्रा कांद्याच्या आतल्या पातळ सालीसारखा पाण्यात तरंगायला लागतो. सुटला की तो आक्रसतो. ताणून, सुरकुती न पाडता, ओल्या जाळीदार कापडावर बसवायचा असतो. एक फाटला. तो तिने बाजूला ठेवला. बाकीचे नीट बसले. तिचा हात नेहमीसारखाच चालला आणि त्याबद्दल आता तिला नवलही वाटलं नाही.

पापुद्र्यांचा डबा घेऊन ती स्वतः वर गेली. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर रंगाऱ्याचे म्हातारे वडील बसले होते. तिला बघून ते उठले. त्यांना कोणीतरी सांगितलेलं असणार, कारण ते काही बोलू बघत होते आणि त्यांचे ओठ नुसतेच हलत होते. ताई म्हणाली, "बसा, काका. वेळ लागेल." ते लगेच बसले, जणू तिने हुकूम केला होता.

आत टेबलावर पालथा झोपलेला माणूस धाकट्याच्याच वयाचा होता. एका बाजूचे केस जळून गेले होते, दुसऱ्या बाजूचे वाढून मानेवर आले होते. ते कोणी कापले नव्हते. सर्जननी पहिला पापुद्रा चिमट्याने उचलून पाठीवर ठेवला. ताईने दुसरा पुढे केला. मग तिसरा. सर्जन अधूनमधून "हं" म्हणत होते. संपल्यावर ताईने रिकामा डबा बंद केला आणि खाली जाऊन धुतला.

पापुद्रे सांगितल्याप्रमाणे विरघळत, झडत गेले. त्यांच्याखाली रंगाऱ्याची स्वतःची कातडी कडांकडून सरकत आली. ताप उतरला. जखमा भरल्या. या सगळ्याची खबर ताईला सर्जनकडून मिळत होती आणि ती ऐकून घेत होती. भावजयीने एकदाच विचारलं, "अजून आहे का त्याच्या अंगावर?" ताई म्हणाली, "नाही. गेलं सगळं." भावजयीने मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्याच आठवड्यापासून ती नोकरीवर जायला लागली.

इस्पितळातून सुटायच्या दिवशी रंगारी तळघरात आला. कोणी पाठवलं नव्हतं, विचारत विचारत आला होता. प्रयोगशाळेच्या काचेच्या दाराबाहेर तो उभा राहिला, कारण आत यायला मनाई होती. ताई बाहेर गेली.

"हीटर मीच लावला होता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तो मला ओरडला. मग बंद करायला स्वतः आत गेला. मी दाराजवळ होतो. म्हणून." त्याने पुढचं वाक्य सोडून दिलं. नवीन कातडी आलेले हात त्याने पोटाशी धरले होते, जणू ते दुसऱ्याचे होते आणि त्याला ते परत द्यायचे होते.

ताईला वाटलं होतं की हे ऐकल्यावर काहीतरी होईल. राग येईल, निदान. ती वाट पाहत उभी राहिली. तिला दिसत होतं की त्याच्या मनगटावरची कातडी सुकून पांढरी पडली आहे, आणि अशीच राहिली तर ती तडकेल.

"हाताला तेल लावत जा," ती म्हणाली. "दिवसातून तीन-चारदा. कोरडं पडू द्यायचं नाही. आणि वर्षभर उन्हात उघडं ठेवू नका."

तो हो म्हणाला. आणखी थोडा वेळ थांबला, मग जिना चढून गेला. रंगाचं काम त्याने पुढे केलं नाही, कुठल्याशा गोदामात राखणदार म्हणून लागला असं नंतर कळलं.

आईला ही गोष्ट कळली ती तिऱ्हाइताकडून. रंगाऱ्याच्या वडिलांनी कोणाला सांगितलं, त्याने आणखी कोणाला, आणि असं फिरत फिरत ते मावशीपर्यंत आलं. त्या दिवसापासून आई ताईशी बोलेनाशी झाली. भांडली नाही. जेवायला वाढायची, दार उघडायची, दिवा लावायची, पण बोलायची नाही. भावजयीशी बोलायची, ताईशी नाही. ताई कामावर जायची आणि यायची. दारात आता कोणी काही विचारत नव्हतं. घरात असं सगळं चाललं होतं आणि ताईला त्याचंही फारसं काही वाटत नव्हतं, फक्त संध्याकाळी घराच्या पायऱ्या चढताना पाय जड व्हायचे.

एका रविवारी आई बाल्कनीत मटार सोलत बसली होती. ताई कपडे वाळत घालायला आली. आईने मान वर न करता विचारलं,

"त्या मुलीला दाखवलंस ना?"

ताईला कळलं ती भावजयीबद्दल बोलतेय. ती हो म्हणाली.

"मला नाही दाखवलंस."

ताई ओला शर्ट हातात धरून उभी राहिली. आईला राग कातडी रंगाऱ्याला दिल्याचा आला असेल, असं ती इतके दिवस धरून चालली होती.

"कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवलंत, ठीक आहे," आई म्हणाली. "ठेवून काय करणार होते मी? पण मी रोज विचारायचे. एकदा न्यायचं होतंस मला."

"सुचलं नाही, आई."

"आता काही उरलं नसेल."

"नाही."

आईने एक शेंग फोडली, दाणे भांड्यात पाडले. नखाशी अडकलेला दाणा तिने निरखून पाहिला.

"गार असायचं का ते?"

"नाही," ताई म्हणाली. "इनक्युबेटर अंगाइतकाच ऊबदार असतो. त्याशिवाय वाढत नाहीत त्या."

"तू हात लावायचीस?"

"काचेला लावायचे. रोज."

ताईचा आवाज त्या एका शब्दावर फाटला. तिला स्वतःलाच तो अनोळखी वाटला. आईने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पायाने एक पाट तिच्याकडे सरकवला आणि शेंगांची टोपली दोघींच्या मध्ये ठेवली. ताईने शर्ट दोरीवर टाकला, चिमटा लावायचा राहूनच गेला, आणि ती येऊन बसली. आईने तिच्या ओंजळीत मूठभर शेंगा दिल्या. बराच वेळ ताईला एकही शेंग फोडता आली नाही, आणि आईने घाई केली नाही.